अणूचा गाभा शोधणारे लॉर्ड रदरफोर्ड

विज्ञानाच्या तासाला अणूविषयीं बोलणें निघालें म्हणजे एक प्रश्न दरवर्षीं हटकून येतो. जी वस्तु आजवर कोणीं चिमटींत धरली नाहीं, तिच्या पोटांत काय आहे हें माणसाला कळलें तरी कसें, असें एखादा चौकस मुलगा विचारतो, आणि बाकीचा वर्ग त्याच्याकडे पाहून हंसतो. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. तो मुलगा हंसणाऱ्यांहून एक पाऊल पुढें आहे, असेंच आम्ही समजतों. पाठ्यपुस्तकांत अणूचें चित्र असतें. मध्यें एक टिंब आणि त्याभोंवतीं फिरणारे ठिपके. तें चित्र पाठ करणें सोपें आहे. परंतु मधलें टिंब तेथें आहे हें ज्यांस प्रथम उमगलें, त्यांनाही तें मुळींच अपेक्षित नव्हतें. त्यांचें नांव अर्नेस्ट रदरफोर्ड. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेस न्यूझीलंड हा दोन मोठ्या बेटांचा देश आहे. त्याच्या दक्षिण बेटावर नेल्सन गांवाजवळ स्प्रिंग ग्रोव्ह येथें ३० ऑगस्ट १८७१ रोजीं अर्नेस्टचा जन्म झाला. वडील जेम्स हे लहानपणींच आईबापांबरोबर स्कॉटलंडहून या नव्या मुलखांत आलेले. गाड्यांचीं चाकें करणें, शेती पाहणें आणि पुढें दोरखंडासाठीं लागणारा वाख काढण्याची गिरणी चालविणें, असे त्यांचे उद्योग होते. आई मार्था लग्नापूर्वीं शाळेंत शिक्षिका होती. बारा मुलांचें घर. त्यांत अर्नेस्ट चवथा. अशा घरांत पैसा हातीं किती राहतो हें आमच्या पालकवर्गास सांगावयास नको. गुरांचें, सरपणाचें, शेताचें काम मुलांच्या वांट्यास येईच. पण काम आटोपल्यावर पुस्तक हातीं घ्यावयाचें, ही शिस्त आईनें कधीं ढळूं दिली नाहीं.

१८८६ मध्यें त्या घरावर मोठा घाला पडला. कुटुंब हॅव्हलॉक येथें राहत असतां अर्नेस्टचे दोन भाऊ, हर्बर्ट आणि चार्ल्स, होडी बुडून मरण पावले. त्या दुःखाच्या छायेंतच अर्नेस्टनें नेल्सन कॉलेज या शाळेच्या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. पहिल्या खेपेस ती त्याला मिळाली नव्हती. १८८७ मध्यें दुसऱ्या खेपेस मिळाली. तेथून पुन्हां शिष्यवृत्तीच्याच आधारानें तो क्राइस्टचर्च येथील कँटरबरी कॉलेजांत गेला आणि १८९३ मध्यें गणित व पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांत पहिल्या वर्गांत एम्. ए. झाला. त्याचें पहिलें संशोधन याच कॉलेजांतलें. विद्यार्थी जेथें आपले झगे टांगून ठेवीत, त्या तळघरांतील थंडगार खोलींत त्यानें विजेच्या जलद स्पंदनांनीं लोखंड चुंबकित होतें कीं नाहीं याचे प्रयोग केले.

येथें एक गोष्ट नमूद केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. एवढी पदवी हातीं असूनही या तरुणाला शाळेंत कायमची मास्तरकी कांहीं मिळाली नाहीं. त्यानें तीन वेळां प्रयत्न केला आणि तिन्ही वेळां तो फसला. ज्या शाळांनीं त्याला नाकारलें, त्यांनीं नकळत जगावर उपकारच केले, असें कोणी म्हणेल. पण घरभाड्याची चिंता असलेल्या तरुणाला असला विचार सुचत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. शिवाय त्याचें मन मेरी न्यूटन नांवाच्या मुलीवर जडलें होतें. तिच्या आईच्याच घरीं तो भाड्यानें राहत असे. लग्न करावयाचें तर कांहीं मिळकत हवी होती.

१८५१ च्या लंडन येथील भव्य प्रदर्शनाच्या शिलकींतून साम्राज्यांतील हुशार विद्यार्थ्यांसाठीं एक शिष्यवृत्ति ठेविलेली होती. न्यूझीलंडच्या वांट्यास ती आली तेव्हां निवड अर्नेस्टची झाली नव्हती. मॅक्लॉरिन नांवाच्या दुसऱ्या एका उमेदवाराची झाली होती. त्यानें ती स्वीकारली नाहीं, म्हणून ती अर्नेस्टकडे आली. ही बातमी आली तेव्हां तो शेतांत बटाटे खणीत होता आणि त्यानें कुदळ तेथेंच टाकून दिली, असें सांगतात. थोर पुरुषांभोंवतीं अशा कथा गोळा होतातच. उसने पैसे घेऊन तो बोटींत बसला, आणि १८९५ च्या शरदांत केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत दाखल झाला.

दुसऱ्या विद्यापीठांच्या पदवीधरांना संशोधनासाठीं घेण्याचा नियम केंब्रिजनें नुकताच केला होता. त्या नियमाखालीं आलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं रदरफोर्ड हे एक. वसाहतींतून आलेल्या या दांडग्या तरुणाकडे कांहीं जुने केंब्रिजकर नाकें मुरडीत पाहत. पण प्रयोगशाळेचे प्रमुख जे. जे. थॉम्सन यांनीं त्यांची योग्यता लगेच ओळखली. काळही विलक्षण होता. १८९५ च्या अखेरीस राँटजेन यांना क्ष-किरण सांपडले. १८९६ मध्यें बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून आपोआप निघणारे किरण आढळले. १८९७ मध्यें खुद्द थॉम्सन यांनीं इलेक्ट्रॉन हा ऋण विजेचा सूक्ष्म कण दाखवून दिला.

त्या वेळीं अणूविषयीं विद्वानांची समजूत काय होती, तें सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाहीं. मँचेस्टरचे शाळामास्तर जॉन डाल्टन यांनीं १८०८ मध्यें असें मांडलें होतें कीं, प्रत्येक मूलद्रव्य हें अविभाज्य अणूंचें बनलेलें आहे, एका मूलद्रव्याचे सर्व अणु सारख्याच वजनाचे असतात, आणि कोणत्याही रासायनिक क्रियेंत ते मोडत नाहींत, बदलतही नाहींत. सोन्याचा अणु तो सोन्याचाच आणि शिशाचा तो शिशाचाच. या पायावर रसायनशास्त्राची सबंध इमारत उभी होती, आणि ती चांगली उभी होती. डाल्टन यांच्या या तीन वचनांपैकीं पहिलीं दोन रदरफोर्ड यांच्या हयातींत पूर्वीच्या रूपांत शिल्लक राहिलीं नाहींत.

युरेनियमच्या किरणांत दोन प्रकार आहेत हें त्यांनीं केंब्रिजमध्येंच ताडलें होतें. कागदाच्या चिठोऱ्यानें अडतात ते आल्फा, आणि पातळ पत्राही भेदून जातात ते बीटा, अशीं साधीं ग्रीक अक्षरांचीं नांवें त्यांनीं ठेविलीं, तीं आजही चालू आहेत. १८९८ मध्यें ते कॅनडांत माँट्रिऑल येथील मॅक्गिल विद्यापीठांत प्राध्यापक झाले. १९०० मध्यें न्यूझीलंडला जाऊन त्यांनीं मेरी न्यूटनशीं लग्न केलें. तिनें पांच वर्षें वाट पाहिली होती. १९०१ मध्यें त्यांना आयलीन ही मुलगी झाली. तेंच त्यांचें एकुलतें अपत्य.

माँट्रिऑलला त्यांस फ्रेडरिक सॉडी हा तरुण रसायनज्ञ साथीदार मिळाला. थोरियम या मूलद्रव्यापासून या दोघांनीं एक अतिशय तीव्र किरणोत्सर्गी पदार्थ वेगळा काढला व त्यास थोरियम-एक्स असें नांव दिलें. उरलेला थोरियम जवळजवळ निस्तेज झाला. दोन्ही भांडीं तशींच ठेवून १९०१ च्या नाताळची सुटी गेली. परत येऊन पाहतात तों थोरियमला आपलें तेज परत आलेलें, आणि थोरियम-एक्सचें नाहींसें झालेलें! एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट बरोबर एकाच प्रमाणांत होत होती. साधारण चार दिवसांत थोरियम-एक्सचें सामर्थ्य निम्मे होई, पुढच्या चार दिवसांत उरलेल्याचें निम्मे, याप्रमाणें. याचा अर्थ एकच होता. थोरियमचे अणु आपोआप फुटत होते आणि फुटून निराळ्याच मूलद्रव्याचे अणु होत होते. लोखंडाचें सोनें करूं म्हणणाऱ्या किमयागारांची रसायनज्ञांनीं शतकभर थट्टा केली होती. आतां तशीच गोष्ट सृष्टि स्वतः, कोणाची भट्टी न लागतां, करीत असल्याचें या दोघांना सांगावें लागणार होतें. लोक आपल्यालाही त्याच पंक्तीस बसवतील ही धास्ती त्यांना होती, म्हणून त्यांनीं शब्द फार जपून वापरले. पण पुरावा इतका चोख होता कीं, थोड्याच वर्षांत विद्वानांना मान तुकवावी लागली. कोणता अणु केव्हां फुटेल हें सांगतां येत नाहीं, मात्र पुष्कळ अणूंचा निम्मा भाग किती काळांत फुटेल हें अचूक सांगतां येतें. या काळाला आपण अर्धायुष्य म्हणतों. पुढें याच हिशेबानें खडकांचें वय मोजूं लागले.

या कामाबद्दल रदरफोर्ड यांना १९०८ चें नोबेल पारितोषिक मिळालें तें पदार्थविज्ञानाचें नव्हे, रसायनशास्त्राचें! आपण आयुष्यांत पुष्कळ रूपांतरें पाहिलीं, पण आपलें स्वतःचें एका क्षणांत रसायनज्ञांत झालेलें रूपांतर सर्वांत जलद, अशी थट्टा त्यांनीं स्वतःच केली. बहुतेक माणसें नोबेल पारितोषिक मिळाल्यावर त्याच्या पुण्याईवर जगतात. यांचें सर्वांत मोठें काम मात्र अजून व्हावयाचें होतें.

१९०७ मध्यें ते मँचेस्टरला आले होते. तेथें त्यांनीं प्रथम आल्फा-कण म्हणजे धन विजेनें भारलेला हेलियमचा अणु होय हें सिद्ध केलें. किरणोत्सर्गी अणु फुटतो तेव्हां हा कण सेकंदाला हजारों मैलांच्या वेगानें बाहेर पडतो. त्यामुळें रदरफोर्ड यांच्या हातीं जणूं एक बंदूक आली. आतां गोळी कशावर झाडावयाची एवढाच प्रश्न होता. हान्स गायगर या जर्मन साहाय्यकाबरोबर ते सोन्याच्या अत्यंत पातळ वर्खावर हे कण सोडून पाहूं लागले. आपल्याकडे सराफकट्ट्यावर मिळणारा वर्ख पुष्कळांनीं पाहिला असेल. फुंकर मारली तर उडून जातो. तरीही त्याच्या जाडींत हजाराहून अधिक अणूंचे थर असतात. त्या काळीं थॉम्सन यांचें मत असें होतें कीं, अणु हा धन विजेचा एक मऊ गोळा असून त्यांत इलेक्ट्रॉन ठिकठिकाणीं रुतलेले आहेत. रव्याच्या लाडवांत बेदाणे असतात तसे म्हणा ना. अशा लाडवांतून वेगवान आल्फा-कण थेट पार जाईल, फार तर किंचित् वांकडा होईल. आणि बहुतेक कण तसेच पार जात होते.

गायगर यांच्या हाताखालीं अर्नेस्ट मार्सडेन नांवाचा वीस वर्षांचा विद्यार्थी प्रयोग करावयास शिकत होता. अद्याप पदवीही न मिळालेला. कापड विणणाऱ्याचा मुलगा. त्याला आतां स्वतंत्र असें कांहीं काम द्यावें, असें गायगर यांनीं सुचविलें. रदरफोर्ड यांनीं त्याला सांगितलें कीं, एखादा आल्फा-कण मोठ्या कोनांतून मागें वळतो का तें पाहा. त्यांतून कांहीं निघेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. आम्ही शिक्षक विद्यार्थ्याचा हात बसावा म्हणून जीं कामें देतों, त्यांपैकींच हें एक.

तें कामही सोपें नव्हतें. झिंक सल्फाइडचा लेप दिलेल्या पडद्यावर आल्फा-कण आपटला कीं, प्रकाशाचा एक अतिसूक्ष्म ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसावा म्हणून आधीं कितीतरी वेळ काळोखांत बसून डोळे तयार करावयाचे, आणि मग सूक्ष्मदर्शकांतून एकेक ठिपका मोजावयाचा. थोड्या वेळांतच डोळे शिणत. रदरफोर्ड यांच्या उतावळ्या स्वभावाला तें जमत नसे. गायगर मात्र त्यांत तरबेज होते. मार्सडेननें धातूच्या पत्र्याच्या ज्या बाजूनें कण येत होते त्याच बाजूस पडदा ठेवला आणि तो पाहूं लागला.

आणि ठिपके दिसूं लागले. फार नाहींत, प्लॅटिनमच्या पत्र्यावर आदळणाऱ्या सुमारे ८,००० कणांपैकीं १ मागें येत होता. पण तो १ तरी कां यावा? उफणणीच्या वेळीं वाऱ्यावर उडणाऱ्या कोंड्यांत आपण धोंडा भिरकावला आणि तो कोंड्याला आपटून आपल्याच कपाळावर परत आला, तर आपणांस जसें वाटेल तसेंच रदरफोर्ड यांना वाटलें. आमच्या मतें त्यांच्या थोरवीचा खरा क्षण हाच. विद्यार्थी नवशिका होता, उत्तर अपेक्षेच्या उलट आलें होतें, आणि तें थॉम्सन यांच्यासारख्या गुरूच्या मतालाही बाधणारें होतें. मोजण्यांत तुझी चूक झाली असेल, पुन्हां कर, असें म्हणून गोष्ट मिटविणें किती सोपें होतें! आम्हीं स्वतः वर्गांत तसें कितीदां केलें असेल, कोण जाणे. त्यांनीं तें केलें नाहीं. १९०९ मध्यें तो निकाल गायगर आणि मार्सडेन या दोघांच्या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि रदरफोर्ड विचार करीत बसले. दीड वर्षाहून अधिक काळ ते त्यावर विचार करीत होते.

१९११ च्या आरंभीं एके दिवशीं ते मोठ्या खुशींत गायगर यांच्या खोलींत आले. अणु कसा असतो तें आतां त्यांना समजलें होतें. जड आणि वेगवान कणाला उलट फिरवावयाचें तर अणूंतील सगळा धन विद्युद्भार आणि जवळजवळ सगळें वजन एकाच अत्यंत लहान जागीं कोंबलेलें असलें पाहिजे. या जागेला आपण अणुगर्भ म्हणतों. बाकीचा अणु बहुतेक पोकळ. त्या पोकळींत दूरवर हलके इलेक्ट्रॉन असतात. म्हणून हजारों कण पोकळींतून निसटून जातात, आणि एखादाच गर्भासमोर येऊन परत फिरतो. सोन्याचा अणु क्रिकेटच्या मैदानाएवढा मानला तर त्याचा गर्भ मैदानाच्या मध्यावर ठेविलेल्या हरभऱ्याएवढा भरेल. आणि मैदानाच्या सगळ्या वजनांतील शंभरांत नव्याण्णवांहून अधिक भाग त्या एका हरभऱ्यांत! आपण ज्या बांकावर बसतों तो, आणि आपण स्वतःही, अशा पोकळ अणूंचे आहोंत, हें ऐकून वर्गांत कोणी तरी हळूच बांक चांचपून पाहतो. गायगर आणि मार्सडेन यांनीं पुढें एक लाखाहून अधिक ठिपके मोजले, आणि १९१३ मध्यें रदरफोर्ड यांचें गणित बरोबर ठरलें.

यानंतर मँचेस्टरला जणूं पर्वणी आली. डेन्मार्कचे नील्स बोर १९१२ मध्यें तेथें आले, आणि इलेक्ट्रॉन गर्भांत कोसळून कां पडत नाहींत याचा उलगडा करणारा सिद्धांत त्यांनीं १९१३ मध्यें मांडला. हेन्री मोझली या तरुण शिष्यानें प्रत्येक मूलद्रव्याचे क्ष-किरण मोजून दाखविलें कीं, मूलद्रव्याची खरी ओळख त्याचें वजन नव्हे, तर त्याच्या गर्भावरील विद्युद्भाराची संख्या होय. ही संख्या म्हणजे अणुक्रमांक. हायड्रोजनचा १, ऑक्सिजनचा ८, लोखंडाचा २६, सोन्याचा ७९. वजनाप्रमाणें पाहिलें तर कोबाल्टची जागा निकेलच्या नंतर येते, पण गुणांप्रमाणें आधीं. या घोटाळ्याचा निकाल लागून कोबाल्टला २७ आणि निकेलला २८ हा क्रमांक मिळाला. ४३, ६१ व ७५ या जागा रिकाम्या आहेत हेंही मोझलीनें सांगितलें. तीं तिन्ही मूलद्रव्यें पुढें सांपडलीं.

त्याच १९१३ सालीं सॉडी यांनीं, जे आतां ग्लासगोस होते, आणखी एक कोडें सोडविलें. किरणोत्सर्गी पदार्थांत अशीं कांहीं भावंडें आढळत होतीं कीं, त्यांचें वजन निराळें, आयुष्य निराळें, पण रसायनशाळेंत त्यांना एकमेकांपासून कोणी वेगळें करूं शकत नव्हतें. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत तीं सर्व एकाच घरांत बसतात, म्हणून मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनीं सुचविलेल्या ग्रीक शब्दावरून सॉडींनीं त्यांना आयसोटोप म्हटलें. आपण समस्थानिक म्हणतों. पुढें केंब्रिजला ॲस्टन यांनीं एक नवें यंत्र रचून साध्या मूलद्रव्यांतही समस्थानिक असल्याचें दाखविलें. आपल्या पुस्तकांत क्लोरीनचा अणुभार सुमारे ३५·५ दिलेला असतो, तें पाहून पुष्कळांना नवल वाटतें. निसर्गांत ३५·५ भाराचा एकही क्लोरीनचा अणु नाहीं. सुमारे तीन चतुर्थांश अणु ३५ भाराचे आणि एक चतुर्थांश ३७ भाराचे; त्यांची सरासरी आपण पाठ करतों. याप्रमाणें डाल्टन यांचें सारख्या वजनाविषयींचें वचनही गेलें.

इतक्यांत १९१४ चें महायुद्ध आलें आणि हा मेळा उधळला. गायगर जर्मन तोफखान्यांत गेले. मार्सडेन इंग्रज सैन्याबरोबर फ्रान्समध्यें. ज्या दोघांनीं काळोख्या खोलींत शेजारीं बसून ठिपके मोजले, ते एकमेकांच्या शत्रुपक्षांत उभे राहिले. जेम्स चॅडविक हा शिष्य शिक्षणासाठीं बर्लिनला गेलेला, तो युद्ध संपेपर्यंत तेथेंच कैदेंत अडकला. मोझली आपण होऊन सैन्यांत गेला. तेथें जाऊं नये, शास्त्रीय कामांत राहावें, म्हणून खटपट झाली, पण ती निष्फळ ठरली. १० ऑगस्ट १९१५ रोजीं गॅलिपोली येथें तो मारला गेला. त्याचें वय अवघें २७ होतें. अशा बुद्धीच्या माणसाला खंदकांत पाठविणें ही राष्ट्राची उधळपट्टी आहे, असें रदरफोर्ड यांनीं उघडपणें लिहिलें. आम्हांस तो प्रसंग वाचतांना एका गोष्टीचें फार वाटतें. मार्सडेनला त्यांनीं काम दिलें आणि त्याचें फळ सगळ्या जगाला मिळालें. मोझलीला वांचविणें मात्र त्यांच्या हातीं नव्हतें.

स्वतः रदरफोर्ड पाण्याखालील बोटींचा आवाज टिपण्याच्या कामांत सरकारला मदत करीत होते. त्यांतून वेळ काढून, जवळजवळ एकट्यानें, त्यांनीं मँचेस्टरला नायट्रोजन वायूवर आल्फा-कण सोडण्याचा प्रयोग चालविला. १९१९ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, नायट्रोजनच्या गर्भांतून हायड्रोजनचा गर्भ बाहेर पडतो. थोरियम आपोआप फुटतो. येथें मनुष्यानें अणूचा गर्भ हेतुपूर्वक बदलला होता. पुढें कळलें कीं, त्यांत नायट्रोजनचा ऑक्सिजन होतो, तोही १७ भाराचा समस्थानिक. गर्भांतून निघालेल्या त्या कणाला त्यांनीं १९२० मध्यें प्रोटॉन असें नांव दिलें, आणि विद्युद्भार नसलेला एक कणही गर्भांत असावा असें भाकीत केलें.

१९१९ मध्येंच ते गुरु थॉम्सन यांच्या जागीं कॅव्हेंडिशचे प्रमुख झाले. तेथील उपकरणें बेताचीं, बरीचशीं हातानें जुळविलेलीं. संध्याकाळीं सहा वाजतां प्रयोगशाळा बंद व्हावयाचीच. घरीं जाऊन विचार करा, असा त्यांचा रोंख. त्यांचा आवाज इतका दणदणीत होता कीं, नाजूक उपकरणें बिघडत. म्हणून हळू बोलण्याची विनंती करणारी एक दिव्याची पाटीच तेथें टांगलेली होती, आणि तिच्याच खालीं उभे राहून ते बोलत असल्याचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. शिष्यांच्या निबंधांवर स्वतःचें नांव घालण्याची हांव त्यांनीं धरली नाहीं. १९३२ हें वर्ष त्या शिष्यांचें. चॅडविक यांनीं गुरूंनीं भाकीत केलेला न्यूट्रॉन शोधून काढला, आणि समस्थानिकांचें कोडें पुरतें सुटलें. क्लोरीनच्या प्रत्येक गर्भांत प्रोटॉन १७ च. न्यूट्रॉन मात्र एकांत १८, दुसऱ्यांत २०. त्याच वर्षीं कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनीं यंत्रानें वेग दिलेल्या प्रोटॉनांनीं लिथियमचा अणु फोडला.

घरांत मात्र अंधार झाला होता. आयलीन हिचें लग्न केंब्रिजचे गणिती राल्फ फाउलर यांच्याशीं झालें होतें. (आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा, ज्यांनीं पुढें टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली, ते याच फाउलर यांचे विद्यार्थी.) १९३० च्या डिसेंबरांत, चवथ्या बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांनीं, आयलीन वारली. त्यानंतर लवकरच, १ जानेवारी १९३१ रोजीं, रदरफोर्ड यांना लॉर्ड ही पदवी जाहीर झाली. त्यांनीं नेल्सनचे लॉर्ड असें नांव घेतलें, आणि आपल्या मानचिन्हावर किवी पक्षी व माओरी योद्धा यांना स्थान दिलें. न्यूझीलंडला वृद्ध आईस तार केली तींत हा मान आपल्यापेक्षां तिचाच अधिक असल्याचें कळविलें.

१९३३ मध्यें हिटलरच्या राजवटीनें ज्यू व इतर विद्वानांना जर्मनींतील विद्यापीठांतून हांकलून लावलें, तेव्हां त्यांच्या मदतीसाठीं निघालेल्या मंडळाचें अध्यक्षपद रदरफोर्ड यांनीं पत्करलें. त्या ऑक्टोबरांत लंडनच्या आल्बर्ट हॉलमधील प्रचंड सभेंत ते अध्यक्ष होते आणि आइन्स्टाइन वक्ते होते.

त्यांच्या हातून चूक झालीच नाहीं असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. १९३३ च्याच सप्टेंबरांत त्यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, अणूच्या रूपांतरापासून उपयोगी शक्ति मिळविण्याच्या गोष्टी निव्वळ भ्रम आहेत. पुढें पांच वर्षांतच, १९३८ मध्यें, ऑटो हान आणि स्ट्रासमान यांनीं युरेनियमचा गर्भ दुभंगत असल्याचा पुरावा मिळविला. हान हे माँट्रिऑलला त्यांच्याच हाताखालीं शिकलेले. १९४५ मध्यें हिरोशिमा व नागासाकी हीं दोन शहरें त्या शक्तीनें बेचिराख झालीं. रदरफोर्ड यांना तें पाहावें लागलें नाहीं.

१९३८ च्या जानेवारींत कलकत्त्यास भारतीय विज्ञान परिषदेचें पंचविसाव्या वर्षाचें अधिवेशन भरावयाचें होतें, आणि त्याचे नियोजित अध्यक्ष लॉर्ड रदरफोर्ड होते. अध्यक्षीय भाषण लिहून तयार होतें. परंतु ऑक्टोबरांत त्यांचा अंतर्गळाचा जुना विकार एकाएकीं बळावला. शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाहीं. १९ ऑक्टोबर १९३७ रोजीं केंब्रिज येथें, वयाच्या ६६ व्या वर्षीं, ते वारले. त्यांच्या अस्थि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें न्यूटनच्या समाधीजवळ ठेविल्या आहेत. कलकत्त्याचें अधिवेशन ठरल्याप्रमाणें भरलें. इंग्लंडांतून शास्त्रज्ञांचा मोठा मेळा आला, आणि रदरफोर्ड यांच्यासाठीं ठेविलेल्या अध्यक्षाच्या खुर्चीवर सर जेम्स जीन्स बसले.